दोन युद्धांतले अधिकारी : वडगाव मावळ ते यॉर्कटाउन

१७७८-७९ च्या हिवाळ्यात इंग्रजांची दोन युद्धे एकाच वेळी चालू होती. एक अटलांटिकपलीकडे, बंड करून उठलेल्या अमेरिकेतल्या तेरा वसाहतींशी. दुसरे पुणे दरबाराशी. पहिले राजाची फौज लढत होती, दुसरे ईस्ट इंडिया कंपनीची. वरवर पाहता या दोन युद्धांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण दोन्हींच्या मधोमध फ्रान्स उभा होता. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच माणूस वकील म्हणून पुण्यात आला आणि पुणे दरबाराचे कारभारी नाना फडणविसांनी त्याला मानाने ठेवून घेतले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७७८ मध्ये, फ्रान्सने अमेरिकनांशी उघड तह केला. पुण्यातही तसेच काही शिजते आहे, या धास्तीने मुंबईकर इंग्रजांना घाई झाली. पेशवेपदावर हक्क सांगणारे रघुनाथराव त्यांच्या आश्रयाला होतेच. त्यांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी नोव्हेंबर १७७८ च्या अखेरीस एक फौज मुंबईहून निघाली.

ही फौज ज्या वाटेने आली ती वाट आज पिंपरी-चिंचवडकरांच्या रोजच्या येण्याजाण्याची आहे. खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळा, मग कार्ले, वडगाव, तळेगाव. पुढे देहूरोड, निगडी, चिंचवड, पिंपरी, दापोडी आणि नदी ओलांडली की पुणे. आज तळेगाव आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतींतून निघालेले कंटेनर ज्या टापूतून धावतात, तिथेच इंग्रजांची पुण्यावरची पहिली मोहीम अडली. खंडाळ्याहून तळेगावला आज गाडीने तास लागत नाही. त्या फौजेला अडीच आठवडे लागले.

इतका वेळ का लागला, याचे उत्तर तिच्या अधिकाऱ्यांच्या आयुष्यात सापडते. फौज सुमारे ३,९०० माणसांची. तिच्यात गोरे शिपाई सहाशेच्या आत आणि बाकी बहुतेक देशी. बरोबर सामान ओढणारे सुमारे १९,००० बैल. म्हणजे लढणाऱ्या एका माणसामागे जवळजवळ पाच बैल. दारूगोळा आणि धान्य तर वाहायचेच, पण प्रत्येक अधिकाऱ्याचा तंबू, पलंग, टेबल, दारूच्या पेट्या आणि नोकरांचा लवाजमाही या बैलांच्या आणि हमालांच्या पाठीवर होता. कंपनीच्या अधिकाऱ्याला हे सगळे चैनीचे वाटत नसे. हिंदुस्थानातल्या नोकरीत पगारापेक्षा भत्त्यावर आणि मानमरातबावरच त्याचे लक्ष असे. ते राखायचे तर लवाजमा हवाच.

कंपनीच्या लष्करात भरती होणारा मुलगा बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा असे. कुणातरी संचालकाच्या ओळखीने तो कॅडेट म्हणून मुंबईला उतरायचा. पहिल्या काही पावसाळ्यांत ताप आणि अतिसारातून जो वाचला त्याला पुढे बढती मिळे, आणि ती मिळे निव्वळ ज्येष्ठतेने. वरचा माणूस मेला, निवृत्त झाला किंवा विलायतेला परतला की खालचा एक पायरी वर चढायचा. इंग्लंडच्या राजाच्या फौजेत तऱ्हा वेगळी होती. तिथे पायदळात आणि घोडदळात हुद्दा रोख पैसे मोजून विकत घेता येई. ही पद्धत थेट १८७१ पर्यंत चालू होती. कंपनीत हुद्दे विकत मिळत नसत, त्यामुळे गरीब घरच्या हुशार मुलाला तिथे वाव होता. पण गुणाला बढती मिळेल अशी सोय तिथेही नव्हती. वडगावच्या मोहिमेत हेच आडवे आले.

मोहिमेचे नेतृत्व एका माणसाकडे नव्हते, तीन जणांच्या समितीकडे होते. त्यात कर्नल एजर्टन हा सर्वांत ज्येष्ठ लष्करी अधिकारी होता, पण तो आजारी होता आणि हिंदुस्थानातल्या लढाईचा त्याला अनुभव नव्हता. दुसरा जॉन कार्नाक. त्याने पूर्वी बंगालमध्ये फौजा चालवल्या होत्या, आता मात्र तो मुलकी पुढारी म्हणून आला होता. तिसरा मॉस्टिन, पुण्यात वकील म्हणून राहिलेला, दरबारातली माणसे ओळखणारा हा एकटाच. तो वाटेतच आजारी पडून मुंबईला परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी वारला. लढाईत जिथे क्षणात हुकूम सुटायला हवा, तिथे ही समिती मतभेद आणि वादविवाद करत बसे.

हाताखालचे अधिकारी मात्र कर्तबगार होते. कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्टने ग्रेनेडियर शिपायांच्या सहा कंपन्या घेऊन २५ नोव्हेंबरलाच बोरघाट काबीज केला होता. मुख्य फौज त्याच्यामागे घाट चढून वर यायला महिना गेला. तेवढ्यात मराठ्यांनी आपली जमवाजमव पुरी केली. भिवराव पानसे यांचा तोफखाना आणि घोडेस्वारांच्या टोळ्या इंग्रजांच्या दोन्ही बाजूंनी चालू लागल्या. समोरासमोरची लढाई मराठे देईनात आणि स्वस्थपणे पुढेही जाऊ देईनात. कार्ल्याजवळ कर्नल के हा ब्रिगेडप्रमुख प्राणांतिक जखमी झाला, आणि ४ जानेवारीला स्ट्यूअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. टेहळणीसाठी तो झाडावर चढला असता गोळा लागला, अशी कथा मावळात सांगतात. स्ट्यूअर्टचे मराठी तोंडात ‘इष्टूर’ झाले, आणि शत्रू असूनही शौर्यासाठी लोकांनी त्याला ‘फाकडा’ ही पदवी दिली. मानाजी शिंदे आणि कोन्हेरराव एकबोटे हे पेशवाईतले दोन फाकडे, आणि अर्धा इष्टूर. असे अडीच फाकडे मोजले जात. वडगाव मावळात त्याची समाधी दाखवतात आणि तिला नवसही बोलले जातात. कंपनीच्या एका कॅप्टनला ज्याच्याशी तो लढला त्या मुलखात देवपण मिळावे आणि त्याच्या वरिष्ठांची नावे कुणाच्या लक्षातही राहू नयेत, हा न्याय तसा बरोबरच झाला.

६ जानेवारीला एजर्टनने प्रकृतीच्या कारणाने सूत्रे खाली ठेवली आणि ती कर्नल कॉकबर्नकडे गेली. कारण एकच, ज्येष्ठता. ९ तारखेला फौज तळेगावात शिरली तेव्हा गाव जळून गेले होते. मराठ्यांनी स्वतःच ते जाळले होते, चारा आणि धान्य शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. चिंचवड आणि वेळ पडली तर खुद्द पुणेही असेच जाळण्याची तयारी झाल्याची बातमी इंग्रजांच्या छावणीत आली. पुणे तिथून जेमतेम तीस किलोमीटरवर होते. शिधा काही दिवस पुरण्याइतका होता. आणखी थोडे थांबा, आपल्या बाजूचे सरदार येऊन मिळतील, असे रघुनाथराव विनवत राहिले. त्यांच्या बाजूने कुणीच आले नव्हते, हेही खरे. अखेर ११ जानेवारीच्या रात्री अकराच्या सुमारास परत फिरण्याचा निर्णय झाला. जड तोफा तळ्यात ढकलल्या गेल्या, उरलेला शिधा पेटवून दिला गेला आणि फौज गुपचूप निघाली. इतक्या मोठ्या तळाची हालचाल मराठ्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. पहाट होण्याआधीच हल्ला सुरू झाला.

१२ तारखेचा दिवस कॅप्टन जेम्स हार्टलीचा. पिछाडी त्याच्याकडे होती. मराठ्यांचा मुख्य मारा याच पिछाडीवर आला आणि ती फुटली असती तर सगळी फौज कापली गेली असती. हार्टलीच्या देशी शिपायांनी दिवसभर ती टिकवली. संध्याकाळी सगळे वडगावात पोचले. दुसऱ्या दिवशी मराठ्यांच्या तोफा गावावर चालू झाल्या. माघार अशक्य आहे, असे कॉकबर्नने सांगून टाकले. शिस्तीत मागे कसे जाता येईल याचा आराखडा हार्टलीने मांडला, पण कॅप्टनाचे मत कर्नलापुढे चालणार कसे? बोलणी सुरू झाली.

समोरचे मराठी सरदार हेही लष्करी अधिकारीच, पण त्यांच्या आयुष्याची घडण अगदी निराळी होती. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांपैकी कुणीही कॅडेट म्हणून भरती झाला नव्हता. सरदाराला सरंजाम मिळे, म्हणजे अमुक महाल, अमुक गावांचा वसूल. त्यातून त्याने अमुक इतके स्वार पदरी बाळगायचे आणि हुकूम आला की घेऊन हजर व्हायचे. स्वार दोन प्रकारचे असत. शिलेदाराचे घोडे त्याच्या मालकीचे, बारगिराचे घोडे सरकारचे किंवा सरदाराचे. लढाईत घोडा पडला तर शिलेदाराचे भांडवलच बुडे. म्हणून तो उगाच तोफेच्या तोंडी जात नसे. इंग्रज लेखकांनी याला भ्याडपणा म्हटले आहे. घोड्याची किंमत त्यांना स्वतःच्या खिशातून भरावी लागली असती तर त्यांचे मत बदलले असते. सरदाराच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज कायमचे असे, कारण मोहिमेचा खर्च आधी आणि महालाचा वसूल नंतर. म्हणूनच सरदार दरबाराशी निष्ठावंत असला तरी आपला हिशेब वेगळा ठेवून असे.

महादजींचे उदाहरण बोलके आहे. १७६१ मध्ये पानिपतावर ते पायाला जबर जखमी झाले. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना बैलावर घालून सुखरूप दक्षिणेत आणले, असे सांगतात. तो पाय जन्मभर लंगडाच राहिला. राणेखानाला महादजींनी भाऊ मानले आणि पुढे तो त्यांच्या फौजेतला मोठा सेनानी झाला. भिश्त्याचा सेनापती होणे हे कंपनीच्या ज्येष्ठतेच्या यादीत बसणारे नव्हते. शिंदे घराण्याची सरदारी महादजींच्या हाती आली तीही सहजासहजी नाही, बऱ्याच भाऊबंदकीनंतर. वडगावला इंग्रज थेट दरबाराशी बोलण्याऐवजी महादजींशी बोलू लागले, तेव्हा महादजींनी ती संधी पुरती साधली. तहात साष्टीसह १७७३ नंतर इंग्रजांनी घेतलेला मुलूख परत करायचा आणि मुंबईकरांच्या मदतीला बंगालहून येणारी फौज थांबवायची, अशी कलमे होती. त्याशिवाय भडोच महादजींना देण्याचे आणि त्यांच्या माणसांना ४१,००० रुपये बक्षीस देण्याचे इंग्रजांनी खासगीत कबूल केले. ओलीस म्हणून समितीचा चिटणीस फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्ट्यूअर्ट हे दोघे मागे राहिले.

हत्यारांसह सुखरूप बाहेर पडण्याचा कौल घेऊन जागा सोडणे, यात त्या काळच्या युद्धात नामुष्की नव्हती. याच टापूतला चाकणचा संग्रामदुर्ग १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला आणि बुरूज उडाल्यावर कौल घेऊन सोडला. खानाने दिलेली चाकरी त्यांनी नाकारली. शिवाजी महाराजांनी पुढे त्यांना भूपाळगड दिला. प्रश्न येई तो कौल दिल्यानंतर तो पाळण्याचा. वडगावच्या पंधरा महिने आधी, ऑक्टोबर १७७७ मध्ये, अमेरिकेत साराटोगा इथे जनरल बर्गॉइन असाच अडकला होता. तो नाटककार आणि पार्लमेंटचा सभासद होता. त्याच्याही मागे सामानाच्या गाड्यांची लांबलचक रांग होती. फौज मायदेशी परत जाईल या अटीवर त्याने करार केला. अमेरिकन काँग्रेसने तो मोडला आणि ते शिपाई युद्ध संपेपर्यंत अडकून पडले. वडगावला उलटे झाले. इथे हरलेल्या इंग्रजांनीच, फौज सुखरूप मुंबईला पोचताच, आमच्या माणसांना असा तह करण्याचा अधिकारच नव्हता, असे सांगून तो नाकारला. महादजींनी तरीही दोन्ही ओलिसांना पुढच्या वर्षी गुजरातेत इंग्रजांच्या छावणीकडे सोडून दिले.

मोहिमेनंतर हिशेब चुकते झाले. एजर्टन, कॉकबर्न आणि कार्नाक तिघांनाही कंपनीने नोकरीतून काढले. हार्टलीला मुंबई सरकारने एकदम लेफ्टनंट कर्नल केले. डिसेंबर १७८० मध्ये त्याने ठाण्याच्या बाजूला दुगाड इथे पुन्हा नाव कमावले. तिथे रामचंद्र गणेश कानडे हा मोहरा मराठ्यांनी गमावला. पण हार्टलीच्या बढतीने ज्यांची पायरी चुकली त्या ज्येष्ठांनी तक्रारी केल्या आणि लंडनच्या संचालकांनी ती बढती नियमबाह्य ठरवली. ज्याने फौज वाचवली त्याला दाद मागायला विलायतेला जावे लागले. शेवटी राजाच्या फौजेत ७५ व्या पलटणीत त्याला लेफ्टनंट कर्नल म्हणून जागा मिळाली. १७९९ मध्ये तो मलबारात वारला. बंगालहून मजल दरमजल करत आलेल्या जनरल गॉडर्डने १७८१ मध्ये बोरघाटाच्या वाटेने पुन्हा प्रयत्न केला; मराठ्यांनी त्यालाही परत फिरवले. १७८३ मध्ये इंग्लंडचा किनारा जवळ आलेला असताना तो जहाजावरच मरण पावला.

समुद्रापलीकडच्या अमेरिकन फौजेत तेव्हा तिसऱ्याच प्रकारचा अधिकारी तयार होत होता. तिथे ना विकतचे हुद्दे होते, ना सरंजाम, ना जुनी ज्येष्ठता. तोफखान्याचा प्रमुख हेन्री नॉक्स बोस्टनमधला पुस्तकविक्या. नथॅनिएल ग्रीन लोखंडाच्या भट्टीच्या धंद्यातला. डॅनियल मॉर्गन तरुणपणी गाडीवान होता. कवायत शिकवायला प्रशियाहून स्टॉयबेन आला. स्वतः वॉशिंग्टनने पगार घेतला नाही, फक्त खर्च घेतला. पण हे जमीनदाराला परवडणारे होते. बाकीच्यांचे पगार महिनोन् महिने थकत आणि हातात पडे तो कागदी पैसा बाजारात कुणी घेत नसे. १७८० मध्ये काँग्रेसने अधिकाऱ्यांना जन्मभर अर्धा पगार देण्याचे वचन दिले. ते पाळले जात नाही असे दिसताच मार्च १७८३ मध्ये न्यूबर्ग इथल्या छावणीत अधिकारी बंडाच्या बेतात आले. त्यांच्यासमोर पत्र वाचण्यासाठी वॉशिंग्टनने खिशातून चष्मा काढला. त्याला चष्मा लागतो हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. तुमच्या सेवेत केस पिकले, आता दृष्टीही जाऊ लागली, अशा अर्थाचे तो काही बोलला आणि अनेकांचे डोळे भरून आले. बंड टळले. अर्ध्या पगाराऐवजी पाच वर्षांच्या पूर्ण पगाराचे रोखे मिळाले, तेही गरजेपोटी पुष्कळांनी पडेल भावाने विकले. पुण्यात गिलचे, अरब आणि गारदी हे भाडोत्री शिपाई चढलेल्या पगारासाठी धरणे धरून बसत, त्याहून ही गोष्ट फार वेगळी नव्हती.

या दोन युद्धांतली माणसे पुढे प्रत्यक्ष एकमेकांना भेटली. लॉर्ड कॉर्नवॉलिस अमेरिकेतला इंग्रजांचा सर्वांत धडाडीचा सेनापती. १७७८ च्या अखेरीस पत्नी आजारी म्हणून तो इंग्लंडला गेला होता. वडगावच्या तहानंतर महिनाभरात ती वारली आणि तो पुन्हा युद्धावर परतला. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला त्याने वॉशिंग्टन आणि फ्रेंचांपुढे शस्त्रे ठेवली. ठेवायला स्वतः गेला नाही. आजारपणाचे निमित्त सांगून दुय्यमाला पाठवले. इतक्या मोठ्या पराभवानंतर माणूस संपायला हवा. पण तो उमराव होता आणि राजाची मर्जी टिकून होती. १७८६ मध्ये तो हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला.

१७९० मध्ये म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या वेशीपर्यंत पोचला आणि तिथे त्याची अवस्था तळेगावच्या फौजेसारखी झाली. बैल मरून पडले, धान्य संपले, वेढ्याच्या जड तोफा त्याला स्वतःच फोडाव्या लागल्या. परत फिरलेल्या या फौजेला मेलकोट्याच्या बाजूला घोडेस्वार येताना दिसले. ते शत्रूचे असावेत म्हणून गोळीबारही झाला. ते होते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे मराठे. त्यांच्याबरोबर अख्खा बाजार चालत होता. धान्याच्या थप्प्या तर होत्याच, शिवाय काश्मिरी शाली, जडजवाहीर, इंग्रजी बनात आणि बर्मिंगहॅमचे चाकूसुद्धा त्या बाजारात विकायला होते. भाव मात्र कडक. उपाशी इंग्रजांनी ते मोजले. बारा वर्षांपूर्वी मावळात इंग्रजांना कोंडणाऱ्या फौजेतले हरिपंत या वेळी त्यांचा जीव वाचवायला कारण झाले. नानांच्या हाताखाली कारकुनीपासून सुरुवात करून सेनापतिपदापर्यंत गेलेला हा माणूस १७९४ मध्ये सिद्धटेकला वारला. महादजीही त्याच वर्षी पुण्यात वानवडीला वारले.

कॉर्नवॉलिसबरोबरचे आणखी दोघे अमेरिकेतच तयार झाले होते. विल्यम मेडोज ब्रँडीवाइनच्या लढाईत जखमी झाला होता आणि १७८८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला होता. श्रीरंगपट्टणच्या रात्रीच्या हल्ल्यात आपल्या हातून कामगिरी चुकली या सलीने त्याने स्वतःवर पिस्तूल झाडले, पण तो वाचला. रॉबर्ट अॅबरक्रॉम्बीने यॉर्कटाउनच्या वेढ्यातून शेवटचा निकराचा हल्ला केला होता. मेडोजनंतर तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि मुंबईची फौज घेऊन मलबारातून चढला. हार्टलीची ७५ वी पलटण त्यानेच उभी केलेली.

उलट दिशेने गेलेला एक अधिकारी मात्र खुद्द अमेरिकन होता. जॉन पार्कर बॉइड १७६४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टला जन्मला. स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी तो लहान होता आणि मोठा झाला तेव्हा फौज नावालाच उरली होती. युद्ध संपताच काँग्रेसने ती जवळजवळ मोडून टाकली होती. म्हणून १७८९ मध्ये त्याने हिंदुस्थान गाठले. आधी निजामाकडे, मग १७९६ च्या सुमारास पुण्यात पेशव्यांकडे त्याने चाकरी केली. त्याची फौज त्याची स्वतःची होती. शिपाई, तोफा, हत्ती सगळे तो बाळगायचा आणि जो दरबार पैसे देईल त्याला भाड्याने द्यायचा. एका अर्थी तो सरंजामाविना सरदारच होता. पेशवाईत तेव्हा गोंधळ माजला होता. महादजींचे वारस दौलतराव शिंदे आणि नाना यांच्या ओढाताणीत पगार कुणाकडून मिळणार हेच कळेना. बॉइडने आपली सारी फौज फिलोज नावाच्या इटालियन सरदाराला विकला आणि पुढे मायदेशी परतला.

१८०८ मध्ये अमेरिकेने त्याला चौथ्या पायदळाचा कर्नल केले. ७ नोव्हेंबर १८११ रोजी टिपेकनूला मूळ रहिवाशांशी झालेल्या लढाईत त्याची पलटण होती. १८१२ च्या इंग्रजांविरुद्धच्या युद्धात तो ब्रिगेडियर जनरल झाला, मे १८१३ मध्ये फोर्ट जॉर्जच्या चढाईत लढला आणि ११ नोव्हेंबर १८१३ रोजी क्रिस्लर्स फार्मला आपल्याहून पुष्कळ लहान अशा इंग्रज तुकडीकडून हरला. त्यानंतर त्याला मोठी फौज कुणी दिली नाही. युद्ध संपल्यावर फौजेची कपात झाली, तीत तोही गेला. १८३० मध्ये बोस्टन बंदरावर सरकारी नोकरीत असताना तो वारला.